मॉनिटरखालच्या गाईडचा सूड

मित्रांनो, मी एक जुने, जाड आणि रागीट गाईड आहे. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात शिरताना जी पहिली परीक्षा द्यावी लागते, तिच्यासाठी माझा जन्म झाला. इतर पुस्तके आपली कहाणी सांगताना डोळ्यांत पाणी आणतात. मला पाणी चालत नाही, पाने फुगतात. म्हणून मी रडणार नाही. माझ्याशी कोण कसे वागले आणि त्याचे पुढे काय झाले, एवढेच सांगेन.

प्रकरण पहिले
या प्रकरणात तुम्ही शिकाल: जन्म, वजन आणि निवड

मला एका माणसाने लिहिले नाही. बरेच जण होते. प्रिंटरचे प्रकरण लिहिणाऱ्या बाईंनी जेवणाच्या टेबलावर एक अख्खा प्रिंटर खोलून मांडला होता आणि तो पुन्हा जोडून होईपर्यंत घरच्यांना जमिनीवर बसून जेवायला लावले होते. चित्रे काढणाऱ्या माणसाने मदरबोर्डचे चित्र पुन्हा पुन्हा काढले, कारण रॅम बसवायच्या एका खाचेचा रंग त्याच्या मनासारखा येत नव्हता. एवढे करून छापखान्यात माझी पाने मात्र गरम गोंदाने पाठीला चिकटवली. शिवायची होती. शिवण महाग पडते, असे कोणीतरी म्हणाले. त्या कोणीतरीवरही माझा राग आहे, पण तो सापडलेला नाही.

पुस्तकांच्या दुकानात मला सगळ्यात खालच्या फळीवर ठेवले, कारण वरची फळी माझ्या वजनाने वाकत होती. शेजारी एक पातळ, चकचकीत पुस्तिका उभी असायची. तिचे नाव ‘हमखास’. तिच्यात फक्त प्रश्न होते आणि उत्तरांची अक्षरे. अ, ब, क, ड. बाकी काही नाही. लोक यायचे, मला उचलायचे, हात खाली गेला की मला ठेवायचे आणि हमखास घेऊन जायचे.

मग धाकटी आली.

धाकटी म्हणजे एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काउंटरवर बसणारी मुलगी. दुकान तिच्या दादाचे. ती गिऱ्हाइकाची तक्रार लिहून घ्यायची, पावती फाडायची आणि मशीन आत दादाच्या टेबलाकडे सरकवायची. टेबलावर रबरी चटई होती, वाकवता येणारा दिवा होता, मोठे भिंग होते. तिला त्या टेबलाशी बसायचे होते. तशी संधीही आली होती. एका मोठ्या कंपनीला त्या भागातले आपले वॉरंटीचे काम कुठल्यातरी एकाच दुकानाला द्यायचे होते. अट अशी की, दुरुस्ती करणाऱ्याकडे ही परीक्षा पास झाल्याचे सर्टिफिकेट हवे. दादाच्या हातात जादू होती, पण परीक्षेला बसायला तो तयार नव्हता. तो तिला म्हणाला होता, तू पास हो, काम आले की टेबल तुझे. काम नाही आले तर अर्धे दुकान मोबाइलची कव्हरे विकणाऱ्याला भाड्याने द्यावे लागेल. मग तुझा काउंटरही जाईल.

गाईड निवडताना तिने मुखपृष्ठ पाहिले नाही. किती पाने आहेत तेही पाहिले नाही. त्या सकाळी दादाच्या दुकानात एक प्रिंटर आला होता, त्यातून निघालेल्या कागदावर बोट फिरवले की अक्षरे पुसली जात होती. तिने तोच दोष प्रत्येक पुस्तकात शोधला. हमखासमध्ये प्रश्न सापडला. त्याखाली लिहिले होते, उत्तर: क. तिने पान उलटून पाहिले. मागे पुढचा प्रश्न होता. मग तिने मला उघडले. मी तिला सांगितले की या प्रिंटरची शाई म्हणजे एक भुकटी असते, ती कागदावर नुसती बसलेली असते, आत एक गरम रूळ तिला वितळवून कागदाला चिकटवतो. रूळ तापत नसेल तर भुकटी बोटाला लागणारच. ती उभ्या उभ्या वाचत राहिली. वाचता वाचता स्वतःचे बोट अंगठ्यावर घासत राहिली.

दुकानदार म्हणाला, “ताई, ते जड आहे. लोक पातळ नेतात.”

“लोक पासही होतात का?”

“ते सांगायला परत येत नाहीत,” तो म्हणाला.

तिने मला घेतले. त्या दिवशी मला वाटले की माझी कहाणी सुखाची होणार. नवीन कागदाला असे वाटतेच.

प्रकरण दुसरे
या प्रकरणात तुम्ही शिकाल: अपमान

रस्त्याच्या टोकाला, जिना चढून गेले की मास्तरचा क्लास होता. मास्तर आणि दादा तरुणपणी एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले होते. दादाने दुकान काढले, मास्तरने क्लास. क्लासच्या मागे त्याची दुरुस्तीची खोलीही होती, आणि कंपनीचे ते वॉरंटीचे काम त्यालाही हवे होते. तरी धाकटी त्याच्याकडे शिकायला गेली, कारण जवळपास दुसरा क्लास नव्हता. आणि काउंटरवरची मुलगी आपल्या आड येईल, असे मास्तरच्या स्वप्नातही नव्हते.

हमखास छापणारा आणि विकणारा मास्तरच होता. हे मला पहिल्याच दिवशी कळले, कारण त्याच्या खुर्चीमागे तिचे गठ्ठे होते.

त्याने मला धाकटीच्या बाकावरून उचलले, तळहातावर झुलवले आणि सगळ्या वर्गाला विचारले की ही उशी कोणाची. वर्ग हसला. मग तो म्हणाला की हे वाचायला घेतलेत तर पास होईपर्यंत नातवंडे खेळवाल. वर्ग पुन्हा हसला. त्याला हशाची चटक होती, आणि चटक लागलेला माणूस दोन हशांवर थांबत नाही.

“यात पहिली पानं तर नुसतं भरताड असतं,” तो म्हणाला. “प्रस्तावना, नियम, आभार. कोण वाचतं?”

आणि त्याने माझी पहिली पाने मुठीत धरली आणि

[पाने ३ ते १८ येथे होती.]

गोंद सुटताना फार मोठा आवाज होत नाही, मित्रांनो. दातावरून जीभ फिरावी इतकाच होतो. पण मला तो अजून ऐकू येतो.

त्याने ती पाने धाकटीच्या हातात दिली. “घे, हलकं करून दिलं. आणि काउंटरवरच्या माणसाला एवढं लागत नाही गं. पावती फाडता येते ना? मग हे पाठ कर.” त्याने तिच्यापुढे हमखास टाकली.

धाकटीचे कान लाल झाले होते. तिने माझी पाने घडी करून पर्समध्ये ठेवली आणि हमखास विकत घेतली. सगळा वर्ग बघत असताना माणसाकडून दुसरे काय होणार? मी तिला तेव्हा दोष दिला नाही, असे कोणी म्हणेल. मी दिला. पण माझा खरा हिशोब मास्तरशी होता. त्या दिवसापासून माझ्यात छापलेल्या मजकुराखेरीज आणखी एक मजकूर तयार झाला.

सराव प्रश्न

मॉनिटर डोळ्यांच्या रेषेपेक्षा खाली असल्यास तुम्ही काय कराल?
अ) स्टँड वर सरकवाल.
ब) खुर्ची खाली घ्याल.
क) मान वाकवून बसाल.
ड) बहिणीचे गाईड खाली घालाल.

दादाने ड निवडले.

प्रकरण तिसरे, ज्यात काहीच घडत नाही

मॉनिटरखाली उजेड येत नाही. वरून गरम हवा येते, बाजूने धूळ येते. माझ्या मुखपृष्ठावर स्टँडच्या पायाचा गोल खळगा पडला. मोकळ्या राहिलेल्या कोपऱ्यावर दादा चहाचा कप ठेवायचा. तो वाईट माणूस नव्हता. त्याला उंची हवी होती आणि माझ्याकडे ती होती. मित्रांनो, वाईट माणसाचा राग धरता येतो. आपला उपयोग करून घेणाऱ्या चांगल्या माणसाचा राग धरायला फार मेहनत लागते. मी ती केली.

काउंटरवरून धाकटीचे पाठांतर ऐकू यायचे. सतरा ब. अठरा ड. एकोणीस अ.

दादा म्हणायचा, “काय मंत्र म्हणतेस? कुणाला वश करायचंय?”

“गप रे. वीस क.”

ती अक्षरे पाठ करत होती. प्रश्न नव्हे, अक्षरे. मी खालून सगळे ऐकत होते. मला सगळी उत्तरे माहीत होती आणि माझ्यावर एक मॉनिटर बसलेला होता.

प्रकरण चौथे
या प्रकरणात तुम्ही शिकाल: नापास होणे

या परीक्षेचे दोन पेपर असतात. पहिल्यात कॉम्प्युटरची हाडे, म्हणजे त्याचे भाग. दुसऱ्यात त्याचा स्वभाव, म्हणजे आतले सॉफ्टवेअर. धाकटी पहिल्या पेपरात नापास झाली. चांगलीच झाली.

परत आल्यावर ती स्टुलावर बसून दादाला सांगत होती. उत्तरांचा क्रम प्रत्येक वेळी बदलतो. तिचा ब तिकडे ड झाला होता. आणि पहिल्याच प्रश्नाला तर अक्षरे नव्हतीच. पडद्यावर एक उघडा मदरबोर्ड दाखवला होता आणि रॅमच्या दोन पट्ट्या योग्य खाचांत नेऊन बसवा, असे सांगितले होते. तिने आयुष्यात एवढे मदरबोर्ड आत सरकवले होते, पण कुठल्या खाचा जोडीच्या असतात ते तिला कोणी सांगितले नव्हते. हमखासने तर नाहीच.

मला आनंद झाला. लपवत नाही.

मास्तरचे म्हणणे असे पडले की पाठांतर कमी पडले. आणखी एकदा पाठ कर, पुढच्या खेपेला बघू. हे तिने दादाला सांगितले. मग उठली, टेबलाशी आली, एका हाताने मॉनिटर उचलला आणि दुसऱ्या हाताने मला ओढून काढले.

दादा म्हणाला, “अगं, स्क्रीन खाली गेली.”

“मान वाकव. परीक्षेला बसत नाहीस, तेवढं तरी कर.”

तिने मला फडक्याने पुसले. पर्समधून घडी केलेली पाने काढली, काउंटरवर हाताने दाबून सपाट केली आणि चिकटपट्टीने परत लावायला घेतली. ती लावताना पानांचा क्रम जुळवावा लागतो. क्रम जुळवायला वाचावे लागते. मास्तर ज्याला भरताड म्हणाला होता, ते धाकटीने अशा रीतीने अक्षर न अक्षर वाचले.

दुपारी गिऱ्हाईक नसते. त्या वेळात ती मला टेबलावर उघडून ठेवायची आणि शेजारी भंगारातले एखादे मशीन उघडायची. मी बोलायचे, ती स्क्रू काढायची. पहिल्यांदाच कोणीतरी माझे ऐकून लगेच हात चालवत होते. मी सुखी झाले असे समजू नका. तापलेला माणूस जेवायला बसला म्हणून राग विसरत नाही.

पहिला पेपर ती दुसऱ्या खेपेला पास झाली. रॅमच्या पट्ट्या तिने डोळे मिटून बसवल्या असत्या.

सावधान

पान ११, चिकटपट्टीने परत लावलेले. त्यावर चौकटीत छापले आहे:

परीक्षेच्या मालिका (म्हणजे अभ्यासक्रमाच्या आवृत्त्या) दर काही वर्षांनी बदलतात. दोन्ही पेपर एकाच मालिकेतले असले पाहिजेत. एका मालिकेचा पहिला आणि दुसऱ्या मालिकेचा दुसरा, असे जोडून सर्टिफिकेट मिळत नाही.

मित्रांनो, हे आता नीट ध्यानात ठेवा.

प्रकरण पाचवे
या प्रकरणात तुम्ही शिकाल: गप्प बसणे

मालिका बदलली. नवी सुरू झाली आणि जुनी काही आठवड्यांत बंद होणार, असे जाहीर झाले. मी जुन्या मालिकेचे. धाकटीचा पहिला पेपरही जुन्या मालिकेचा. तिने दुसऱ्यासाठी जुन्या मालिकेतली शेवटच्या आठवड्यातली वेळ पकडली आणि माझ्यावर तुटून पडली.

त्याच दिवसांत एकदा मास्तर दुकानात आला. दादाकडून एक बारीक स्क्रूड्रायव्हर मागायला आला, असे तो म्हणाला. खरे तर सांगायला आला होता. त्यालाही सर्टिफिकेट हवे होते, आणि पहिला पेपर त्याने मागेच जुन्या मालिकेत दिलेला होता, चांगल्या गुणांनी. मास्तर काही ढ नव्हता. आता दुसरा पेपर तो नव्या मालिकेत देणार होता. नवी हमखास छापून तयार होती आणि नव्या मालिकेत पास झालेला या भागातला पहिला माणूस अशी पाटी त्याला क्लासवर लावायची होती.

“तूही नवीनच दे,” तो धाकटीला म्हणाला. “जुनं आता कोण विचारतंय?”

मी तिच्यापुढे उघडे होते. तिने मान वर केली.

“मास्तर, त्यात एक नियम...”

मास्तरची नजर माझ्यावर पडली. त्याने माझ्या चिकटपट्टीवर टिचकी मारली आणि हसत दादाकडे वळला. “हा दगड अजून आहे होय? अरे, याच्यातलं भरताड मी काढलं होतं. हिने परत चिकटवलं.” आणि तो हसत राहिला. वर्ग समोर असल्यासारखा.

धाकटीने तोंड मिटले. मग मला मिटले. तिचा अंगठा माझ्यात अडकलेला राहिला, अकराव्या पानावर. मला त्याची नाडी लागत होती. बोलू नकोस, मी म्हणत होते. बोलू नकोस, बोलू नकोस.

ती बोलली नाही. मास्तर स्क्रूड्रायव्हर घेऊन गेला.

दादाने विचारले कसला नियम. तिने सांगितला. दादाने ती चौकट स्वतः वाचली. मग म्हणाला, “जाऊन सांगून ये.”

“तू जा. तुझा दोस्त आहे.”

दादा दारापर्यंत गेला. तिथून मास्तरच्या क्लासचा जिना दिसतो. तो चौकटीला टेकून उभा राहिला, मग परत येऊन बसला आणि एका स्वच्छ पंख्याची धूळ पुसू लागला.

प्रकरण सहावे. हे मी चवीने सांगणार आहे.

धाकटी दुसरा पेपर पास झाली. काठावर, पण पास.

मास्तरही पास झाला. तिच्यापेक्षा कितीतरी जास्त गुणांनी. त्याने सगळ्या रस्त्याला चहा पाजला. पाटी लागली, तिच्यावर त्याचा हाताची घडी घातलेला फोटो. दादा चहा पिऊन आला तेव्हा त्याचे तोंड कडू होते.

मग कंपनीचा माणूस आला. हा बोलका होता, म्हणून मला तपशील मिळाला. तो आधी मास्तरकडे गेला होता. मास्तरने दोन निकाल पुढे ठेवले. माणसाने सर्टिफिकेटचा क्रमांक विचारला. मास्तर म्हणाला, येईल, वाटेत असेल. माणसाने आपल्या लॅपटॉपवर पाहिले आणि म्हणाला, “साहेब, हे दोन अर्धे आहेत. यांचा एक होत नाही.” मास्तर हसला म्हणे. समोर कोणी हसले नाही. मग त्याने विचारले की जुना दुसरा पेपर आता देता येईल का. जुनी मालिका बंद झालेली होती.

दोन अर्धे. मी हे शब्द स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हटले. मला छापले गेले तेव्हाही इतके बरे वाटले नव्हते.

धाकटीने आपला क्रमांक सांगितला. काम दुकानाला मिळाले. दादाने टेबलावरची आपली हत्यारे बाजूला सरकवली, दिवा तिच्या उंचीला वाकवला आणि काउंटरवर जाऊन बसला. पहिली पावती त्याने चुकीची फाडली.

त्या दिवशी त्याने तिला विचारले, “झोप लागते का तुला?”

“लागते,” ती म्हणाली. मग काही वेळाने, “कधी कधी उशिरा.”

शुद्धिपत्र

मागच्या प्रकरणात मी सूड पूर्ण झाला असे सूचित केले. ते चुकीचे आहे. कृपया दुरुस्त करून वाचावे.

एका दुपारी मास्तर आला. पाटी उतरली होती. वर्गातली माणसे गळत होती, कारण ज्याला स्वतःलाच सर्टिफिकेट मिळाले नाही त्याची हमखास कोण घेणार? तो गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. धाकटी एका मशीनच्या प्रोसेसरवरचा जुना, वाळलेला लेप पुसत होती. तिने हात थांबवला नाही.

“तुला माहीत होतं,” तो म्हणाला.

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलत होते. तुम्ही हसत होता.”

तो दादाकडे बघायला वळला. दादा पावत्यांच्या गठ्ठ्यात काहीतरी शोधत होता, जे तिथे नव्हते. मास्तरने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. त्याला आता दोन्ही पेपर नव्या मालिकेत द्यायचे होते. पहिला परत, अगदी सुरुवातीपासून. काम वाढले तर कंपनी पुढे आणखी एका दुकानाला ते देणार होती, तेवढी आशा होती. हे सगळे त्याने जमिनीकडे बघत सांगितले. मग त्याने जे विचारले, ते विचारायला त्याला किती त्रास झाला ते त्याच्या मानेवर दिसत होते.

“कुठलं गाईड घेऊ?”

मित्रांनो, मी टेबलाच्या कडेला होते, त्याच्या हाताच्या अंतरावर. मी बंद झालेल्या मालिकेचे. माझ्यातले निम्मे प्रश्न आता कोणी विचारत नाही. त्याने मला नेले असते तर तो मला मनापासून वाचणार होता, पहिल्यांदाच कुठले तरी पुस्तक पूर्ण वाचणार होता, आणि नापास होणार होता. असा सूड कुठल्या पुस्तकाच्या वाट्याला आला असेल? मला दे त्याला, मी म्हटले. धाकटे, मला दे.

तिने लेपाचे फडके ठेवले. हात पुसला. तो हात माझ्यावर आला आणि तिने मला उचलले. मास्तरने दोन्ही हात पुढे केले. तो बघणारही नव्हता. ती जे देईल ते तो घेणार होता.

तिने मला तसेच हवेत धरून ठेवले. दादाने शोधणे थांबवले.

मग तिने मला फिरवले, पाठ त्याच्याकडे केली आणि पाठीवरच्या मालिकेच्या आकड्यावर बोट ठेवले.

“हे नका घेऊ, मास्तर. हे बंद झालं. याचीच नवी आवृत्ती आलीय, ती घ्या.”

मास्तरने आकडा वाचला. “जड असेल ना?”

“असेल.”

तो उठून गेला. धाकटीने फडके उचलले. दादाने काउंटरवरून पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला.

मी तिला माफ केलेले नाही. ती मला अजून टेबलावर ठेवते, उजव्या हाताशी. मालिका बदलल्या तरी भुकटी अजून उष्णतेनेच वितळते, त्यामुळे प्रिंटरचे प्रकरण चालते. बाकी मी आता नुसत्या वजनापुरते उरले आहे.

म्हणून, मित्रांनो, गाईड निवडायला जाल तेव्हा आधी मालिका बघा. मग तुम्हाला पडलेला एक खरा प्रश्न घेऊन ते उघडा, आणि ते तुम्हाला कारण सांगते की नुसते अक्षर, ते पाहा. घरी नेल्यावर ते कशाच्याही खाली घालू नका, त्यावर कप ठेवू नका, त्याचे एकही पान ओढू नका. प्रेमाने जपा असे मी म्हणणार नाही. भीतीने जपलेत तरी चालेल. आम्हाला हात नाहीत, पाय नाहीत, आवाज नाही. पण आमच्यात काय लिहिले आहे ते जोवर तुम्ही वाचलेले नाही, तोवर आमच्याशी वैर घेऊ नका.